आखाडा कुठे मांडावा?

लग्न ठरले की घरात नवरा-नवरीपेक्षा कार्यालयाची चर्चा अधिक होते. घरातली पुरुषमंडळी चार कार्यालये पाहून येतात आणि हॉल किती लांब, झुंबरे किती, मोटारी उभ्या करायला जागा किती, याचे रसभरित वर्णन करतात. त्यांच्यामागून एखादी आत्याबाई जाते. ती झुंबराकडे मान वर करूनही पाहत नाही. थेट स्वयंपाकघरात शिरते, नळ सोडून पाण्याची धार पाहते, मोरी पाहते आणि व्यवस्थापकाला एवढेच विचारते, ‘वऱ्हाड झोपणार कुठे?’ पुढे लग्न नीट पार पडते ते बहुधा आत्याबाईंच्या या प्रश्नामुळे. श्रेय मात्र झुंबरांना मिळते.

स्पर्धा भरवणाऱ्यांचेही असेच आहे, हे माझ्या ध्यानात आले ते एका अगदी अनपेक्षित निमित्ताने. माझी भाची बॉस्टनला असते. मार्च २०२५ मध्ये त्या शहरात फिगर स्केटिंगची जागतिक स्पर्धा झाली. फिगर स्केटिंग म्हणजे पोलादी पात्यांचे बूट घालून बर्फाच्या लादीवर गिरक्या आणि उड्या घेत केलेले नृत्यच. भाची ते पाहून आली आणि फोनवर मला म्हणाली, “मामा, ही स्पर्धा २०१६ साली इथेच झाली होती. जगात एवढी शहरे असताना पुन्हा इथेच का? स्पर्धा कुठे भरवायची हे ठरवतात तरी कशावरून?”

आता ज्याचा बर्फाशी संबंध उसाच्या रसापलीकडे कधी गेला नाही, अशा कोल्हापूरच्या मराठीच्या प्राध्यापकाने यावर काय सांगावे? मी हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न मनातून जाईना. कारण बर्फाचे सोडा, मातीच्या बाबतीत हाच प्रश्न आमच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या विचारला जात आला आहे. मोठी कुस्ती ठरली, की ‘जोड कोणती?’ या प्रश्नापाठोपाठ ‘मैदान कुठलं?’ हा प्रश्न येतोच.

मग मी त्या बर्फाच्या खेळाची थोडी माहिती मिळवली, आणि मला मोठी मौज वाटली. या खेळाची पहिली जागतिक स्पर्धा १८९६ साली सेंट पीटर्सबर्गला झाली. पुढची कित्येक वर्षे अशा स्पर्धा उघड्यावरच होत. जिथे थंडी कडक आणि पाणी आपोआप गोठते, ते गाव चांगले, असा साधा हिशेब होता. पण उघड्यावर वारा आला की उडी चुकते, ऊन पडले की बर्फ मऊ होतो आणि हिम पडले की वाट अडते. पहिल्याला एक बर्फ आणि शेवटच्याला दुसराच, असे झाल्यावर न्याय कसला? १९६७ साली व्हिएन्नाला झालेली जागतिक स्पर्धा ही उघड्यावरची शेवटची. त्यानंतर डोक्यावर छप्पर आले. आज साठ मीटर लांब आणि तीस मीटर रुंद अशी बर्फाची लादी तयार करतात. तीतही गोम आहे. बर्फावरच्या हॉकीला लादी अधिक थंड आणि टणक लागते. नाचणाऱ्याला ती किंचित मऊ हवी, म्हणजे पात्याची धार नीट रुतते आणि उडीवरून उतरताना पाय सावरतो. एकाच इमारतीत सकाळी हॉकी आणि संध्याकाळी नृत्य ठेवले, तर मध्ये लादीची मशागत करावी लागते.

‘मशागत’ हा शब्द लिहिला आणि मी आपोआप तालमीत येऊन पोहोचलो. कुस्तीच्या हौद्यातली माती म्हणजे अंगणातली माती नव्हे. ती तांबडी माती चाळून घेतात. तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू घालून ती मुरवतात. रोज खोऱ्याने खणून खालची वर करतात. माती कोरडी झाली तर अंग सोलते, ओली राहिली तर पकड सुटते. जाणता वस्ताद हौद्यात उतरला की आधी मूठभर माती उचलून दाबून पाहतो आणि मगच बोलतो. आत्याबाईंनी नळ सोडून पाहावा, तसेच हे. जागेची पहिली परीक्षा ही, की जो खेळणार त्याच्या पायाखाली काय आहे.

ही परीक्षा किती महत्त्वाची, हे कोल्हापूरकरांना खाशाबा जाधवांच्या कथेवरून ठाऊक असायला हवे. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा तरुण इथल्या राजाराम कॉलेजात शिकला आणि १९४८ साली लंडनच्या ऑलिम्पिकला गेला. मातीत वाढलेल्या त्या पायांना तिथे गादीवरची कुस्ती नवी होती, नियमही नवे होते. तरीही त्यांनी सहावा क्रमांक मिळवला. पुढची चार वर्षे त्या गादीचा विचार करण्यात गेली. १९५२ साली हेलसिंकीला जायचे ठरले तेव्हा पैसे नव्हते. कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले आणि खाशाबांनी स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक आणले. त्या कांस्यपदकाच्या कथेत एक लहानसा तपशील आहे, तो पुष्कळदा सांगायचा राहून जातो. एक दमछाक करणारी लढत संपते न संपते तोच त्यांना रशियन मल्लापुढे उभे केले गेले. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी असा नियम होता, पण तो बजावून सांगायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. तेव्हा पायाखालची गादी चांगली असून भागत नाही. खेळाडूला श्वास घ्यायला उसंत मिळते की नाही, त्याच्या बाजूने बोलणारे कोणी आहे की नाही, हेही जागेतच मोडते.

माझ्या वर्गात दरवर्षी दोन-तीन पैलवान असतात. त्यांचे चेपलेले कान आणि शेवटचा बाक यांवरून ते ओळखू येतात. त्यांच्यातला एक गुणी मुलगा मध्यंतरी चार दिवस गैरहजर होता. कुठल्याशा गावी स्पर्धेला गेला होता. आल्यावर मी विचारले, “काय रे, काय झालं?” तो म्हणाला, “हरलो सर. पर कुस्ती खेळून दमलो न्हाई, वाट बघून दमलो.” मग त्याने सांगितले. वजन सकाळी सातला झाले. शे-दीडशे मुलांना एका शाळेच्या खोल्यांत सतरंजीवर झोपवले होते. लढत अकराला म्हणून बोलावले, ती लागली रात्री साडेदहाला. मध्ये भाषणे झाली, सत्कार झाले, पाहुण्यांची वाट पाहणे झाले. वजन चढू नये म्हणून पोर दोन दिवस अर्धपोटी. वजनानंतर खुराक मिळायचा तर गावात दुधाचे दुकान दीड मैलावर. मंडप मात्र, त्याच्याच शब्दांत, “लगीनघरागत” होता. रोषणाई होती, कमानी होत्या आणि कमानींवर फोटोही होते. त्यांत पैलवानाचा फोटो तेवढा नव्हता.

मी त्याला समजावण्यासारखे काही बोललो नाही. त्याचे खरेच होते. तिथे जागा निवडणाऱ्यांनी झुंबरे पाहिली होती, नळ सोडून पाहिला नव्हता.

जागेची दुसरी परीक्षा पाहणाऱ्याच्या बाजूने आहे. आमचे खासबाग मैदान या परीक्षेत जे उतरते, त्याला तोड नाही. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली विलायतेला गेले होते. त्या प्रवासात रोमचे प्राचीन वर्तुळाकार प्रेक्षागृह पाहून त्यांच्या मनात या मैदानाची कल्पना आली, असे सांगतात. १९१२ साली मैदान तयार झाले आणि गामाचा भाऊ इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची कुस्ती तिथे झाली. त्याची रचना डोळसपणे पाहिली म्हणजे राजाच्या बुद्धीचे कौतुक वाटते. मधोमध हौदा, आणि त्याच्या भोवती चहूबाजूंनी चढत गेलेली जमीन. ना मध्ये खांब, ना कुणाचे डोके आड. हजारोंची गर्दी असली तरी अगदी शेवटच्या रांगेतल्या, तिकिटापुरतेच पैसे घेऊन आलेल्या खेडुताला दोन्ही मल्लांचे पाय दिसावेत, अशी ती सोय आहे. पाय दिसायला हवेत, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. कारण कुस्तीतला डाव हातांनी दिसतो आणि पायांनी लागतो. ज्याला पाय दिसले नाहीत त्याने निकाल पाहिला, कुस्ती पाहिली नाही.

आणि अशा जागेवर वर्षानुवर्षे पाहून पाहून प्रेक्षकही तयार होतो. खासबागेतल्या प्रेक्षकाला नुरा कुस्ती फार वेळ खपवता येत नाही. दोन मल्ल ठरवून खडाखडी करीत राहिले, की वरच्या रांगेतून अशी काही टीका येते की ती या कुटुंबवत्सल अंकात छापता येणार नाही. उलट एखादे नवखे पोर नामांकित मल्लाला झुंजवू लागले, की हलगी कडाडते, फेटे हवेत उडतात आणि अनोळखी माणसे त्या पोराच्या हातात इनामाच्या नोटा कोंबतात. भाचीला मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “मामा, अगदी असेच जपानमध्ये होते.” टोकियोजवळच्या सैतामा शहराने ही बर्फाची जागतिक स्पर्धा २०१४, २०१९ आणि २०२३ अशी तीनदा भरवली. तिथले लोक तासन्‌तास शांत बसून पाहतात. उडी अर्धवट फिरली तर ती त्यांना परीक्षकांआधी कळते, आणि खेळ मनासारखा झाला की बर्फावर भेटींचा पाऊस पडतो. युझुरू हान्यू नावाच्या त्यांच्या लाडक्या खेळाडूवर तर कापडी अस्वलांचा एवढा वर्षाव होई, की ती वेचायला मुलांची फौज लागे. आमचा फेटा आणि त्यांचे अस्वल, भाव एकच. स्पर्धा पुन्हा पुन्हा त्याच गावी का जाते, या भाचीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला इथे सापडले. इमारत पैसा टाकून कुठेही उभी करता येते. जाणता प्रेक्षक मात्र मंडपवाल्याकडून भाड्याने आणता येत नाही.

तिसरी परीक्षा सर्वांत अवघड. ती स्पर्धा संपल्यानंतर होते. जानेवारी २०११ मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडास्पर्धांसाठी डेहराडूनला बर्फाचे मोठे बंदिस्त क्रीडागार बांधले गेले. अशा प्रकारचे देशातले ते पहिलेच. स्पर्धा झाल्या, पाहुणे गेले, आणि मग लादी गोठवून ठेवायची वीज कोणी भरायची हा प्रश्न उरला. वर्षानुवर्षे ते बंद पडून राहिले. एवढ्या काळात बर्फावर उभे राहायला शिकू शकली असती अशी किती मुले मोठी होऊन गेली असतील! अखेर २०२५ साली त्याची दुरुस्ती होऊन ते पुन्हा सुरू झाले आणि त्या ऑगस्टमध्ये तिथे आशियाई दर्जाची वेगाच्या स्केटिंगची स्पर्धाही झाली, ही आनंदाची गोष्ट. त्याच्या उलट सिमल्याचे पाहा. तिथे १९२० साली टेनिसच्या मैदानावरचे पाणी रात्री गोठते हे पाहून कुणाच्या तरी डोक्यात कल्पना आली आणि उघड्यावरच बर्फाचे मैदान सुरू झाले. यंत्र नाही, छप्पर नाही. रात्री पाणी शिंपडायचे आणि पहाटे खेळायचे. हवामान बदलले तसा तिथला हंगाम आखडत चालला आहे. तरीही शंभर वर्षे ते मैदान टिकले, कारण गावातली मुले दर हिवाळ्यात तिथे जात राहिली. खाशाबांच्या हेलसिंकीचे मुख्य स्टेडियमही १९३८ सालचे, आणि ते आजही वापरात आहे. सांगायचा मुद्दा असा, की पाहुणे गेल्यावर यजमान जिथे स्वतः राहतो, तेच घर नांदते.

या तीन परीक्षा मनात ठेवून आपल्याकडे पाहिले, की जीव थोडा खट्टू होतो. ‘महाराष्ट्र केसरी’ची परंपरा १९६१ साली औरंगाबादला सुरू झाली. ती गावोगाव फिरली हे उत्तमच झाले. विदर्भातल्या आणि खानदेशातल्या पोरांनीही मोठी कुस्ती आपल्या गावात पाहायला हवी. पण फिरती स्पर्धा म्हटली की खर्च उचलणारा यजमान लागतो, आणि यजमान आला की त्याची सोय आधी बघितली जाते. २०२३ च्या नोव्हेंबरात तर एकाच किताबासाठी दोन स्पर्धा झाल्या, एक धाराशिवला आणि एक पुण्याजवळ फुलगावला. महिन्याभरात राज्याला दोन महाराष्ट्र केसरी मिळाले. २०२५ सालीही अहिल्यानगरला एक आणि कर्जतला एक अशा दोन झाल्या. दोन्हीकडचे मल्ल कष्टाचेच. त्यांच्याबद्दल काही म्हणणे नाही. पण ज्या बापाने म्हैस विकून मुलाला तालमीत ठेवले, त्याने गावी जाऊन काय सांगावे? ‘माझा पोरगा महाराष्ट्र केसरी’ म्हटले, की ‘कुठला?’ असा प्रश्न येणार. जागा हा यजमानांच्या मानापमानाचा विषय झाला, म्हणजे किंमत मोजावी लागते ती त्या पोराला.

यावर कोणी म्हणेल, “प्राध्यापक, तुम्ही कोल्हापूरचे. सगळ्या कुस्त्या खासबागेत आणा, एवढेच तुम्हाला म्हणायचे आहे!” तसे नाही. खासबाग उघड्यावर आहे. वळवाचा पाऊस आला तर तिथे कोणाचे काही चालत नाही. आजच्या स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग असतात, एकाच वेळी अनेक लढती लावाव्या लागतात. वजनाची, वैद्यकीय तपासणीची, शेकडो मुलांच्या राहण्याची सोय पाहावी लागते. नुसत्या परंपरेच्या नावावर या सोयी होत नाहीत. बर्फवाल्यांनी १९६७ नंतर छप्पर घेतले ते न्यायासाठी. आपल्यालाही काही ठिकाणी घ्यावे लागेल.

शिवाय एक आक्षेप माझ्या घरातूनच आला. हा लेख वाचून दाखवला तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, “लग्नाला पंचवीस वर्षे होत आली, खासबागेची वर्णने ऐकतेय. मी तिथे एकदा तरी बसले आहे का?” मी म्हटले, “पूर्वी बायका कुस्तीला येत नसत.” त्यावर त्या म्हणाल्या, “येत नसत, की यायची सोय नसे? आता मुली कुस्त्या खेळतात. त्यांच्या आया कुठे बसणार, कपडे कुठे बदलणार, हे तुमच्या तीन परीक्षांत कुठे आहे?” मार्च २०२३ मध्ये सांगलीला महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली, हे त्यांना माझ्याआधी ठाऊक होते. तेव्हा ही चौथी परीक्षा त्यांच्या नावावर जमा करतो. ज्या मैदानावर आई आपल्या मुलीला निर्धास्तपणे घेऊन येऊ शकत नाही, ते मैदान अर्धेच आहे.

राहता राहिले आमचे खासबाग. त्याच्या भिंतीला लागूनच शाहू महाराजांनी १९१५ साली नाट्यगृह उभे केले, तेच पुढे संगीतसूर्य केशवराव भोसल्यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. एका अंगाला शड्डू आणि दुसऱ्या अंगाला तंबोरा, असा शेजार दुसऱ्या गावात क्वचितच असेल. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते नाट्यगृह आगीत जळाले आणि खासबागेकडच्या बाजूलाही झळ पोहोचली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री सारे गाव रस्त्यावर आले होते, आणि मोठी माणसे उघड उघड रडत होती. ‘जसे होते तसे पुन्हा उभारा’ अशी मागणी झाली आणि ती योग्यच आहे. पण भिंती जशाच्या तशा उभारता येतात. रांगा भरल्या नाहीत तर त्या भिंतींचा काय उपयोग? खासबागेत पूर्वीइतकी मैदाने आता होत नाहीत. वर्षातून ठरावीक दिवशी, ठरावीक वेळी, भाषणांवाचून, नवख्या पोरांच्या जोडी लावून तिथे कुस्त्या झाल्या, तर त्याला झुंबरे लागणार नाहीत. चांगली माती, प्यायला पाणी, खेळणाऱ्यांना निवारा, बायकांना बसायला नीट जागा आणि वेळेचा मान, एवढे पुरे आहे.

दिवाळी झाली, सुगी उरकली, की आमच्याकडे गावोगावच्या जत्रा आणि कुस्त्यांची मैदाने सुरू होतात. वाचकांपैकी कोणाला सवड झाली तर एखाद्या मैदानाला सहकुटुंब जावे. पाहुण्यांच्या खुर्च्यांकडे वळू नये. मुलांना घेऊन अगदी शेवटच्या रांगेत बसावे आणि त्यांना एवढेच विचारावे, की इथून दोन्ही पैलवानांचे पाय दिसतात का. दिसले, तर जागा निवडणारा माणूस शहाणा होता असे समजावे आणि कुस्ती संपेपर्यंत बसावे.